एक कनेक्शन, तीन कॉम्प्युटर, जुना राउटर : मागच्या खोलीपर्यंत नेट कसं न्यावं?

गॅलरीतली_तुळस (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात कर्वेनगरला जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतो. फायबरचं २०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. कंपनीची डबी हॉलमध्ये टीव्हीमागे बसवलीय, कारण तार गॅलरीतून तिथंच आत आली.

घरात कॉम्प्युटर तीन. सासऱ्यांचा जुना डेस्कटॉप हॉलमध्येच आहे. मुलाचा मधल्या खोलीत, त्याचं बारावीचं वर्ष आणि क्लासची अर्धी लेक्चर्स ऑनलाइन. माझा लॅपटॉप सगळ्यात मागच्या खोलीत, आठवड्यातले चार दिवस मी घरूनच काम करते. मधल्या खोलीत रेंज बरी येते. मागे जेमतेम एक रेघ, तीही दार उघडं असेल तर.

आधीच्या कनेक्शनचा राउटर माळ्यावर पडून होता. पंधरा मीटर वायर आणून डबीपासून मागच्या खोलीपर्यंत नेली आणि तो राउटर तिथं लावला. निळ्या पोर्टमध्ये वायर घातली तर नेटच येईना. शेजारच्या दादांनी ती बाजूच्या पिवळ्या पोर्टमध्ये घालून दिली, तर अर्धा तास छान चाललं. मग मुलाचं लेक्चर बंद पडलं. नंतर माझा लॅपटॉप 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' म्हणायला लागला. वायर काढली की हॉलमधलं सगळं पुन्हा सुरळीत.

कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, मागच्या खोलीसाठी दुसरं कनेक्शन घ्या. महिन्याचा खर्च दुप्पट करायची खरंच गरज आहे का? सोमवारी सकाळी दहाला मीटिंग आहे, त्यामुळे जरा घाईत विचारतेय.

औंधकर (रात्री ९.५२)

दुसरं कनेक्शन अजिबात नको. दोन नगांचा मेश संच घ्या, म्हणजे आपसात वायफायनेच बोलणाऱ्या दोन डब्या, एक हॉलमध्ये, एक मधल्या खोलीत. वायरची भानगडच नाही. आमच्याकडे तीन वर्षं बिनतक्रार चाललाय.

पेठेतला (रात्री १०.०५)

@औंधकर, तुमच्या टॉवरमध्ये खोल्यांमधल्या भिंती चार-सहा इंचांच्या असतील. आमच्या वाड्यात दीड-दोन फुटांच्या आहेत. मी मेश आणला होता, दोन नगांना एकमेकांचीच रेंज मिळेना. शेवटी दोघांमध्ये वायर टाकली तेव्हा चालला. जुन्या घरात आधी भिंत बघावी, मग यंत्र.

तारजोडे (रात्री १०.२०)

तुळसताई, वीस वर्षं हेच काम करतोय, तेव्हा आधी दोन प्रश्न. दोन्ही डब्या उलट्या करून बघा, खाली स्टिकरवर पत्ता छापलेला असतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. दोन्हींवरचा पूर्ण पत्ता सांगा. आणि निळ्या पोर्टजवळ 'वॅन' (बाहेरची बाजू) आणि पिवळ्यांजवळ 'लॅन' (घरातली बाजू) लिहिलंय का?

माझा अंदाज खरा असेल तर नवीन काही विकत घ्यावं लागणार नाही.

गॅलरीतली_तुळस (रात्री १०.३१)

हो, निळ्याजवळ वॅन आहे आणि पिवळ्या चारांजवळ लॅन १ ते ४. पत्ता दोन्हींवर एकच आहे, १९२.१६८.१.१.

धायरीकर (रात्री १०.३३)

सापडला चोर!

तारजोडे (रात्री ११.०२)

तेच वाटलं होतं. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणालाही उपयोगी पडेल.

हॉलमधली डबी दोन कामं करते. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं ती विजेच्या संदेशात रूपांतर करते, आणि राउटरचं कामही तीच करते. राउटरचं काम म्हणजे काय? कंपनी घराला बाहेरच्या बाजूचा पत्ता एकच देते. आत कॉम्प्युटर, मोबाइल, टीव्ही, प्रिंटर धरून दहा-पंधरा वस्तू. राउटर प्रत्येकाला घरातल्यापुरता पत्ता वाटतो, १९२.१६८.१.५, १९२.१६८.१.६ असा. हे पत्ते खासगी वापरासाठी १९९० च्या दशकापासून राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरात आणि माझ्या घरात तेच असले तरी काही बिघडत नाही, कारण ते बाहेर दिसतच नाहीत. सोसायटीच्या गेटवर पार्सल आलं की वॉचमन वहीत बघून कुठल्या फ्लॅटचं ते ठरवतो ना, तसं राउटर बाहेर गेलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. याला नॅट म्हणतात. पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी.

आता तुमचा जुना राउटर. त्यालाही वाटतं की घराचा कारभारी आपणच. निळ्या पोर्टमध्ये वायर घातलीत तेव्हा त्याला बाहेरून १९२.१६८.१ चा पत्ता मिळाला आणि आतही तो तेच पत्ते वाटत होता. आत कुठलं, बाहेर कुठलं हेच त्याला कळेना, म्हणून नेट बंद. पिवळ्यात घातलीत तेव्हा घरात पत्ते वाटणारे दोघे झाले, आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच! ज्या कॉम्प्युटरला हॉलमधल्या डबीने पत्ता दिला त्याचं चाललं, ज्याला जुन्या राउटरने दिला तो अडकला. म्हणून कधी मुलाचं बंद, कधी तुमचं.

घरात पत्ते वाटणारा एकच हवा. बाकी सगळं त्यानंतर.

उद्या सकाळी असं करा. जुना राउटर डबीपासून सोडवा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि लॅपटॉप त्याच्या पिवळ्या पोर्टला वायरने जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून आत जा. पासवर्ड स्टिकरवर असेल. नसेल किंवा चालला नाही, तर मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कारखान्यातला पासवर्ड परत येतो. लॅनच्या पानावर त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केल्याबरोबर पान तुटेल, घाबरू नका, नवा पत्ता टाकून पुन्हा आत जा. मग डीएचसीपी बंद करा. वायफायचं नाव आणि पासवर्ड हॉलमधल्यासारखेच ठेवा. चॅनल, म्हणजे वायफायच्या लहरींची वाट, मात्र वेगळा. हॉलमध्ये १ असेल तर इथे ६ किंवा ११ ठेवा, कारण २.४ गिगाहर्ट्झमध्ये हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. शेवटी डबीच्या लॅनमधून आलेली वायर जुन्या राउटरच्या पिवळ्या पोर्टमध्ये. निळा रिकामाच राहू द्या.

एक काळजी घ्या. डबीच्या पानावर ती कुठपासून कुठपर्यंत पत्ते वाटते ते लिहिलेलं असतं. २ हा आकडा त्यात येत असेल तर वाटप १० पासून सुरू करा.

नवी_सभासद (रात्री ११.१५)

राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' अशी निवड असते ना? माझ्यात आहे. ती केली तर एवढं करावं लागतं का?

तारजोडे (रात्री ११.१९)

नाही लागत. ती निवड म्हणजे हेच सगळं एका बटणात. पण ताईंचा राउटर जुना आहे, त्यात असेलच असं नाही. असेल तर तीच वापरा.

कॉटबेसिस (रविवार, सकाळी ७.५०)

हा धागा वाचून २००३ आठवलं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर आम्ही चौघं. केबलवाल्याचं ६४ केबीपीएसचं कनेक्शन चौघांत मिळून घेतलेलं. केबलवाला एकाच कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा नंबर नोंदवून घ्यायचा, दुसऱ्यात वायर घातली की काहीच नाही. मग आमच्यातल्या एकाने स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं कार्ड बसवलं. एका कार्डात बाहेरची वायर, दुसऱ्यातून हबला, हबमधून बाकी तिघांना. विंडोजमध्ये कनेक्शन वाटून द्यायची सोय होती, १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून ती आलेली. बाकी तिघांचा राउटर म्हणजे तो कॉम्प्युटर.

अडचण एकच, तो मित्र साताऱ्याचा. शनिवारी गावी निघाला की कॉम्प्युटर बंद करून जायचा आणि आमचा रविवार कोरडा. एकदा त्याला एसटी स्टँडवरून परत बोलावलं होतं, कारण एकाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. बिचारा काही न बोलता आला, कॉम्प्युटर चालू केला आणि पुढच्या गाडीने गेला. अजून दरवर्षी भेटतो आम्ही.

पुढे वर्गणी काढून पहिला राउटर आणला. त्यात कॉम्प्युटरच्या कार्डाचा नंबर उतरवून घ्यायची सोय होती, त्यामुळे केबलवाल्याच्या यंत्राला तोच कॉम्प्युटर वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा चौघांनी एका वेळी, कोणावर अवलंबून न राहता, आपापली मेल उघडली.

औंधकर (सकाळी ८.१०)

वा! आणि ६४ केबीपीएस चौघांत. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०१३ मध्ये ते ५१२ झालं, २०२३ मध्ये २ एमबीपीएस.

धायरीकर (सकाळी ८.३५)

त्या काळच्या गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या वायरी आठवतात का? आमच्या बिल्डिंगवरून तशा चार-पाच जात होत्या. एका मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, जवळच वीज पडली आणि गच्चीवरचा स्विच, माझा राउटर आणि कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट एका फटक्यात गेले. तांब्याची वायर आहे, तिच्यातून झटका सरळ घरात येतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, हे मला वेगाहून मोठं सुख वाटतं. तरी वळवाच्या दिवसांत मी राउटरचा ॲडॉप्टर प्लगमधून काढतोच.

तेव्हा कोणी वरच्या मजल्यावरच्या भावाकडे किंवा समोरच्या बिल्डिंगमध्ये उघड्यावरून लॅन वायर नेणार असाल तर नका नेऊ.

ज्येष्ठ_सभासद (सकाळी ९.०५)

वय ७२. हब, स्विच आणि राउटर यांतला फरक कोणी सोप्या शब्दांत सांगेल का? दुकानदार तिन्ही शब्द एकाच वस्तूला वापरतो.

तारजोडे (सकाळी ९.१८)

काका, हबला एका भोकातून काही आलं की तो बाकी सगळ्या भोकांना ओरडून सांगतो. आता बाजारात जवळपास मिळतच नाही. स्विचला कोणतं यंत्र कोणत्या भोकावर आहे हे ठाऊक असतं, तो ज्याचं त्यालाच देतो. हे दोन्ही घरातल्या घरात. राउटर घराला बाहेरच्या जगाशी जोडतो. आपण ज्याला राउटर म्हणतो त्या घरगुती डबीत राउटर, चार भोकांचा स्विच आणि वायफाय अशी तिन्ही कामं एकत्र बसवलेली असतात, म्हणून घोटाळा होतो. तुळसताईंच्या जुन्या डबीतलं राउटरचं काम आपण बंद केलं, स्विच आणि वायफाय तेवढं ठेवलं.

भाड्याचं_घर (सकाळी ९.४०)

वायर वायर सगळे म्हणताय, पण आम्ही भाडेकरू. घरमालक खिळासुद्धा मारू देत नाहीत. अकरा महिन्यांनी घर बदलायचं. आम्ही काय करायचं? मी तीन हजाराचा रिपीटर आणला, रेंज पूर्ण दाखवतो आणि वेग अर्ध्याहून कमी.

तारजोडे (सकाळी १०.०२)

साधा रिपीटर रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर परत बोलतो. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून वेग निम्म्यावर येतो. रेंजच्या रेघा तुम्ही आणि रिपीटर यांच्यातल्या असतात. रिपीटरलाच हॉलमधून काय मिळतंय ते त्या दाखवत नाहीत. त्याला मागच्या खोलीत लावला असेल तर अर्ध्या वाटेवर आणून बघा, फरक पडेल.

पेठेतला (सकाळी १०.१५)

@भाड्याचं_घर, चपटी लॅन वायर मिळते, दाराखालच्या फटीतून आरामात जाते. स्कर्टिंगच्या कडेने दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावायची. घर सोडताना गुंडाळून न्यायची. भोक नाही, खिळा नाही. माझी बहीण सिंहगड रोडला भाड्याने राहते, तिने असंच केलंय.

औंधकर (सकाळी १०.३०)

मी अजूनही म्हणेन की सगळ्यांना वायर जमत नाही. घरात लहान मूल असेल, आजी-आजोबा असतील, तर दारात वायर म्हणजे पाय अडकायची भीती. माझी आई अशीच एकदा पडली होती, सुदैवाने मोडलं काही नाही. तेव्हापासून मी मेश घेतला. तीन पट्ट्यांचा घेतला तर एक पट्टा नगांना आपसात बोलायला राखून ठेवता येतो, वेग फार पडत नाही. महाग आहे, हे खरं.

तारजोडे (सकाळी १०.४१)

आई पडल्याचं वाचून वाईट वाटलं. दारातून वायर नेताना खालून न नेता चौकटीवरून पट्टीतून न्यावी, हे मी आधीच लिहायला हवं होतं. तुमचा मुद्दा मान्य. जे जागचं हलत नाही, डेस्कटॉप, टीव्ही, दुसरा राउटर, त्याला वायर. जे हातात फिरतं त्याला वायफाय. एवढाच माझा आग्रह.

नवी_सभासद (सकाळी ११.००)

थोडं अवांतर. आमच्या मजल्यावर तीन घरं आहेत. तिघांनी मिळून एकच मोठं कनेक्शन घेतलं आणि राउटर जिन्यात लावला तर? पैसे वाचतील.

कॉटबेसिस (सकाळी ११.१२)

आम्ही चौघं तेच करत होतो की!

धायरीकर (सकाळी ११.३०)

एका खोलीतले चौघं वेगळे आणि तीन कुटुंबं वेगळी. कनेक्शन एकाच्या नावावर, केवायसी त्याची. त्या पत्त्यावरून कोणी काही उद्योग केला तर पोलीस त्याच्याच दारात. २६ जुलै २००८ ला अहमदाबादचे बॉम्बस्फोट झाले, तेव्हा त्याआधी काही मिनिटं पाठवलेला धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या कनेक्शनवरून गेल्याचं निघालं होतं. त्याचं वायफाय विनापासवर्ड उघडं होतं. त्या गृहस्थाला केवढी चौकशी सोसावी लागली. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या अटींत घराबाहेर कनेक्शन वाटायला मनाई असते, ती वाचून घ्या.

तुळसताई, तुम्ही जुना राउटर लावताय तर त्यात वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ निवडलंय ना ते बघा. त्याहून जुनं डब्ल्यूईपी असेल तर ते कुलूपच नाही. आणि डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडून देणाऱ्या सोयीचं, बटण बंद करून टाका.

गॅलरीतली_तुळस (दुपारी १.२५)

चाललं!!

मुलगा आणि मी मिळून केलं. पिन घालून रिसेट करावं लागलं, पत्ता बदलल्यावर पान तुटलं तेव्हा पोटात गोळा आला, पण तारजोडे दादांनी आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून धीर धरला. डबी २ पासूनच पत्ते वाटत होती, ते वाटप १० पासून केलं. डब्ल्यूपीए२ निवडलं, डब्ल्यूपीएस बंद. तीन तास झाले, तिन्ही कॉम्प्युटर एकदम चालू आहेत. सासऱ्यांनी हॉलमध्ये कीर्तन लावलंय, मुलाचं लेक्चर चालू आहे आणि मी मागच्या खोलीतून हे लिहितेय. त्या कंपनीच्या माणसाचं ऐकलं असतं तर दर महिन्याला उगीच पैसे गेले असते.

दोन शंका उरल्यात. मुलाची खोली वाटेतच आहे, म्हणून त्याचा डेस्कटॉपही जुन्या राउटरच्या पिवळ्या पोर्टला वायरने जोडला. स्पीड टेस्टमध्ये ९४ च्या वर जातच नाही. हॉलमध्ये डबीजवळ मोबाइलवर १९० येतात. वायर खराब आहे का? आणि संध्याकाळी साताच्या सुमारास माझ्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, तो आजही तुटेल का?

तारजोडे (दुपारी १.५०)

अभिनंदन! बारावीच्या वर्षात मुलाने हेही शिकून घेतलं.

९४ हा आकडा फार बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून टेस्टला साधारण तेवढेच येतात. वायर खराब असण्यापेक्षा जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असण्याची शक्यता जास्त. खोक्यावर किंवा स्टिकरवर १०/१०० लिहिलंय का बघा. गिगाबिट असेल तर १०/१००/१००० असतं. पोर्ट गिगाबिट निघाले तर मग वायर तपासू. १०० एमबीपीएसला वायरच्या आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एखादी तार जॅकमध्ये नीट बसली नसेल तरी जोडणी १०० वर येते.

आवाजाचं दुसरं काही असावं. संध्याकाळी सातला कोणाचा मोबाइल फोटो वर चढवतो का? तुमच्या प्लॅनमध्ये अपलोड कमी असेल तर एकच मोबाइल सगळा रस्ता भरून टाकतो. मग आवाजाचे छोटे छोटे तुकडे रांगेत अडकतात. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, मीटिंगमध्ये लगेच कळतं.

गॅलरीतली_तुळस (दुपारी २.१५)

स्टिकरवर १०/१०० च आहे. आणि मोबाइलचं बरोबर पकडलंत. यजमान सातला ऑफिसातून येतात. घरात शिरलं की त्यांचा फोन वायफायला लागतो आणि दिवसभरातले साइटवरचे फोटो, व्हिडिओ वर चढवायला सुरुवात करतो. रात्री अकरानंतर चढवायची सोय आहे का बघते.

ज्येष्ठ_सभासद (दुपारी २.४०)

गुरुवारी लाइट जातात तेव्हा तुमच्या दोन्ही डब्या बंद पडतील, त्याचं काय? मी दोन हजाराच्या आत छोटा यूपीएस घेतलाय, तीन-चार तास निघतात.

धायरीकर (दुपारी २.५५)

काकांनी चांगलं काढलं. घेताना दोन्ही ॲडॉप्टरवर छापलेलं वाचून जा. बऱ्याच डब्या १२ व्होल्टवर चालतात, पण काही जुने राउटर ९ व्होल्टचे असतात. ९ च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात. आणि हॉलमधल्या डबीलाच यूपीएस लावून भागणार नाही, मागच्या राउटरलाही हवा.

तारजोडे (दुपारी ३.१०)

मुलाच्या वेगाचा उपाय सोपा आहे. डबीतून निघालेली वायर आधी त्याच्या खोलीत पाच पोर्टच्या गिगाबिट स्विचमध्ये घाला. स्विचमधून एक वायर त्याच्या डेस्कटॉपला, एक मागच्या राउटरला. त्याला पूर्ण वेग मिळेल, तुम्हाला ९४ राहतील आणि मीटिंगला ते भरपूर झाले. स्विचमध्ये काही सेट करायचं नसतं. फक्त वायर डबीच्या गिगाबिट पोर्टला लावा, काही डब्यांत चारांपैकी एकच पोर्ट तसा असतो.

गॅलरीतली_तुळस (दुपारी ३.२२)

मग शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन स्विच आणते. वायरही नवी घ्यावी लागेल का?

तारजोडे (दुपारी ३.२५)

डबीपासूनची तीच चालेल, स्विचपासून डेस्कटॉपला एक छोटी तेवढी घ्या. आत्ताच्या वायरवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. कॅट ५ई किंवा कॅट ६ (गिगाबिट पेलणारे वायरचे प्रकार) असेल तर बदलू नका.

गॅलरीतली_तुळस (दुपारी ३.३१)

५ई आहे.